काटा येईपर्यंत

यंदा पनवेलला थंडी उशिरा आली. डिसेंबर सरत आला तरी पंखे बंद करायचं कुणाच्या मनात येत नव्हतं, आणि मागच्या आठवड्यात एका पहाटे गॅलरीच्या गजांना सहज हात लावला तर ते चक्क गार लागले. समोरचा कर्नाळ्याचा सुळका एरवी धुरकट असतो, तो कात्रीने कापून चिकटवल्यासारखा स्पष्ट दिसत होता. मी आत येऊन सासूबाईंना म्हटलं, "आई, वारा फिरला." त्या चहा गाळत होत्या. गाळणं तसंच धरून त्यांनी दुसरा हात खिडकीबाहेर काढला, बोटं एकमेकांवर चोळून पाहिली आणि म्हणाल्या, "माळ्यावरची परात काढ."

ती परात पितळेची आहे, आतून कल्हई केलेली. बुडाला एका बाजूला पोचा आहे, त्यामुळे गॅसवर ठेवली की किंचित डुगडुगते. वर्षातले अकरा महिने ती वर्तमानपत्रात गुंडाळून माळ्यावर पडून असते आणि संक्रांतीच्या आधी तीन आठवडे खाली येते. कागद सोडताना मला दर वर्षी एकच हिवाळा आठवतो. बाकीचे हिवाळे गेले कुठे कोण जाणे.

त्या हिवाळ्यात मी या घरात नवी होते. लग्नाला सात-आठ महिने झालेले. सासरे आदल्या वर्षी गेले होते आणि सासूबाई पुण्याचं घर बंद करून आमच्याकडे, नव्या पनवेलच्या दोन खोल्यांत राहायला आल्या होत्या. आमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून तेव्हा विचुंब्याची शेतं दिसायची. करंजाडे म्हणजे नुसतं गवत आणि आखून ठेवलेले रस्ते, आणि विमानतळ फक्त लोकांच्या बोलण्यात होता. सासूबाईंना इथलं काहीच पटत नव्हतं, पण त्यांची खरी तक्रार हवेबद्दल होती. इथे पापड नरम पडतात, काडेपेटी पेटत नाही, मिठाच्या बरणीत तांदूळ टाकून ठेवावे लागतात. हे सगळं त्या माझ्याकडे बघून सांगायच्या, जणू पनवेलची खाडी मी माहेराहून आणली होती.

पुण्यात त्यांच्या हातच्या हलव्याचं नाव होतं. पेठेतल्या कुठल्या घरात नवी सून आली, कुणाच्या बाळाचं बोरन्हाण असलं की दागिन्यांसाठी हलवा यांच्याकडून जायचा. पैशाचा प्रश्न नव्हता, मानाचा होता. आता स्वतःच्याच सुनेची पहिली संक्रांत आली होती. बाजारात तयार दागिने मिळतात, दुकानांत पुठ्ठ्यावर टाचून ठेवलेले असतात, असं मी एकदा सुचवून पाहिलं. दुसऱ्या दिवशी परात खाली आली, आणि तीन दिवसांनी जो हलवा तयार झाला तो पांढराशुभ्र, गोल आणि औषधाच्या गोळ्यांसारखा गुळगुळीत होता. काटा नव्हता. त्यांनी तो एका बरणीत भरला आणि बरणी कपाटात मागे सारली.

आता माझ्या दुःखाकडे येते. मी त्या वेळी पीएचडी करत होते. प्रयोगशाळा पनवेलपासून बसने अर्ध्या तासावर होती. क्षयाच्या जंतूतलं एक छोटंसं प्रथिन माझ्या वाट्याला आलं होतं, आणि त्याचा आकार मला शोधायचा होता. आकार कळला तर त्याला अडवणारं औषध कसं असावं याचा अंदाज बांधता येतो. पण प्रथिनाचा एक रेणू कुठल्या सूक्ष्मदर्शकात दिसणार? त्यासाठी अब्जावधी रेणूंना एका शिस्तीत, एकमेकांना खेटून उभं करावं लागतं. असं झालं म्हणजे स्फटिक झाला. मग त्यावर क्ष-किरण सोडायचे आणि ते कसे विखुरतात यावरून आकाराचं गणित मांडायचं. हे सगळं नंतरचं. माझं घोडं पहिल्याच पायरीवर अडलं होतं. तीन वर्षं झाली तरी प्रथिन रांगेत उभं राहत नव्हतं.

आमची पद्धत साधी होती. चोवीस खड्ड्यांचा प्लास्टिकचा ट्रे. प्रत्येक खड्ड्यात थोडं खारट द्रावण. वर काचेची चकती, आणि चकतीच्या खालच्या बाजूला प्रथिनाचा उलटा लोंबकळणारा टाचणीच्या डोक्याएवढा थेंब. थेंबातलं पाणी हळूहळू उडून खालच्या द्रावणात जातं, थेंब दाट होत जातो आणि नशिबात असेल तर त्यात स्फटिक धरतो. माझ्या नशिबात दोनच गोष्टी होत्या. एक तर थेंब महिनाभर नितळ राहायचा, नाही तर एका रात्रीत त्याचा तपकिरी गाळ व्हायचा. अशा हजारो थेंबांची नोंद माझ्या वह्यांत आहे. नितळ, नितळ, गाळ, नितळ, गाळ.

आमचे सर चिडत नसत, हे जास्त अवघड होतं. डिसेंबरातल्या एका सोमवारी त्यांनी भिंतीवरच्या नव्या कॅलेंडरात जानेवारीच्या शेवटच्या तारखेभोवती पेन्सिलीने गोल काढला. तोपर्यंत एक जरी स्फटिक दिसला तर पुढे जाऊ, नाही तर हे प्रथिन ठेवून देऊ आणि तुला दुसरं देऊ, असं त्यांनी अगदी शांतपणे सांगितलं. दुसरं म्हणजे पहिल्यापासून. तीन वर्षांच्या वह्या कपाटात. मी "हो सर" म्हणाले आणि स्वच्छतागृहात जाऊन नळ सोडून रडले. रडण्यासारखंच होतं ते.

माझ्याकडे उपाय एकच होता, आणखी स्वच्छता. सरांनी आम्हाला पहिल्या दिवसापासून शिकवलं होतं की धुळीचा कण हा आपला शत्रू. कण पडला की प्रथिन त्याला कसंही चिकटतं आणि गाळ होतो. म्हणून चकत्या तीनदा धुवायच्या, मऊ कागदाने पुसायच्या आणि त्यांना वर एक सिलिकॉनचा थर द्यायचा. तो थर इतका निसरडा की थेंब पसरत नाही, मोत्यासारखा गोल उभा राहतो. माझ्या चकत्या प्रयोगशाळेत सगळ्यांत स्वच्छ असत. मला त्याचा गर्वही होता, आता खोटं कशाला सांगू.

संध्याकाळी घरी आले की सासूबाई परातीपाशी. पहिला हलवा बिघडल्यावर त्यांनी हार मानली नव्हती, दुसरा सुरू केला होता. हलवा कसा करतात हे मी त्या वर्षी पहिल्यांदा नीट पाहिलं. मंद आचेवर तवा, तव्यावर परात, परातीत मूठभर तीळ किंवा खसखस. बाजूला साखरेचा पाक. चमच्याने चार थेंब सोडायचे आणि बोटांच्या पेरांनी दाणे फिरवत राहायचं. पाक सुकला की पुन्हा चार थेंब. घाई करून जास्त पाक घातला तर दाणे एकमेकांना चिकटून लगदा होतो. पाक पातळ झाला तर नुसती चकाकी येते. हे त्यांनी सांगितलं तेव्हा मला माझ्या वह्या आठवल्या. गाळ आणि नितळ, दोन्ही यांच्या परातीत होते, फक्त यांना पीएचडीला कुणी बसवलं नव्हतं.

काटा डोळ्यांना दिसायच्या आधी बोटांना कळतो, असं त्या म्हणायच्या. फिरवता फिरवता डोळे मिटायच्या आणि पेरांनी अंदाज घ्यायच्या. मी दर पाच मिनिटांनी विचारायचे, आला का काटा? त्या डोळे न उघडता सांगायच्या, नाही अजून. एकदा मीच म्हटलं, मला वाटतं आला. त्यावर त्यांनी डोळे उघडून माझ्याकडे पाहिलं. "बोचल्याशिवाय आला म्हणायचं नाही," त्या म्हणाल्या. हे वाक्य मी पुढे माझ्या विद्यार्थ्यांना कितीदा सांगितलं असेल, आणि कुणाचं आहे हे मात्र सांगितलं नाही.

मग तो शनिवार. सासूबाईंना डॉक्टरांकडे जायचं होतं, म्हणून सकाळी त्यांनी परात माझ्या हवाली केली. दुसऱ्या हलव्यालाही काटा आला नव्हता, म्हणून नवे तीळ, नवा पाक, तू फक्त सुरुवात करून ठेव, म्हणाल्या. मी आनंदाने कामाला लागले. पहिल्यांदाच त्यांनी मला परातीला हात लावू दिला होता. दाणे बुडाला चिकटत होते, ते मला बघवेना. प्रयोगशाळेत अशा वेळी आपण काय करतो? निसरडा थर देतो. मी तुपाचं बोट परातीला सगळीकडून फिरवलं, अगदी पातळ, अगदी एकसारखं, आणि वर मऊ फडक्याने पुसून घेतलं. दाणे छान घरंगळायला लागले. एकही चिकटला नाही. मी स्वतःवर खूश होऊन दोन तास पाक सोडत राहिले.

सासूबाई आल्या त्या दारातूनच वास घेत आत आल्या. परातीत हात घातला. तीळ तसेच्या तसे, आणि पाक सुटा होऊन बुडाशी साखरेची पूड झालेली. त्यांनी बोटं नाकाशी नेली.

"तूप लावलंस?"

मी मान डोलावली. त्या रागावतील म्हणून मी तयार होते. त्या खाली बसल्या, पदराने कपाळ पुसलं आणि हसू आवरत म्हणाल्या, "अगं, त्याला धरायला काहीतरी नको का? सगळंच निसरडं केलंस तर बिचाऱ्याने बसायचं कुठे?"

ते तीळ त्यांनी गुळात घालून वड्या थापल्या. वड्या चांगल्या झाल्या. मी मात्र वडी हातात घेऊन स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात तशीच उभी राहिले. तीन वर्षं मी रोज, अगदी निष्ठेने, चकत्यांना तूप लावत होते.

सोमवारी वड्यांचा डबा प्रयोगशाळेत गेला. आमच्याकडे भोईरमामा होते. उरणकडच्या खाडीकाठच्या गावचे, भांडी धुण्यापासून यंत्रांना तेलपाणी करण्यापर्यंत सगळं त्यांच्याकडे. त्यांनी वडी तोंडात टाकली आणि मी तुपाची हकीकत सांगितली. ते हसतील असं वाटलं होतं, पण ते गंभीर झाले. "आमचा बा मिठागरावर व्हता," ते म्हणाले. "मीठ मधल्या पान्यात पयलं नाय धरत, मॅडम. कडंला धरतं. जिथं माती खरबडीत हाय, काडी पडलेली हाय, तिथं. तुमी काडीच ठेवत नाय, तर धरंल कसं?"

एकाच आठवड्यात दोन माणसांनी मला एकच गोष्ट सांगितली, आणि दोघांनीही स्फटिकशास्त्राचं एक पान वाचलेलं नव्हतं. मी सरांकडे गेले. सरांना ही कल्पना नवी नव्हती. परदेशात लोकांनी थेंबात घोड्याचा केस घालून पाहिलाय, बारीक छिद्रांची काच घालून पाहिलीय, खडबडीत पृष्ठभागावर रेणूंना थांबायला आडोसा मिळतो, सगळं त्यांना ठाऊक होतं. त्यांचा आक्षेप वेगळा होता. कुठल्या खाचेत प्रथिन बसेल हे आधी सांगता येत नाही, आणि अपघातावर प्रबंध लिहिता येत नाही. मी सहा ट्रे मागितले. त्यांनी कॅलेंडरकडे पाहिलं आणि एक दिला.

जुन्या पनवेलच्या बाजारात मी पॉलिश पेपर घ्यायला गेले. दुकानदाराने विचारलं, दारासाठी की भिंतीसाठी? मी म्हटलं, काचेसाठी. तो म्हणाला, ताई, काचेला लावू नका, काच खराब होईल. मला तेवढंच हवं होतं. तरी त्याने सगळ्यांत बारीक कागद दिला आणि वर पुन्हा एकदा बजावलं. त्याच पिशवीत सासूबाईंची खसखस होती.

पहिली चकती घासायला घेताना मी ती दोनदा उचलून खाली ठेवली. तीन वर्षं जिला फुंकरसुद्धा लागू दिली नाही तिच्यावर ओरखडे काढायचे. एका ओळीतल्या चकत्या गुळगुळीतच ठेवल्या, तुलनेसाठी. एका ओळीत बारीक ओरखडे, एकीत जाडे. शेवटच्या ओळीत छिद्रांच्या काचेचा चुरा. सगळ्यांत शेवटच्या खड्ड्यावरच्या थेंबात मी सरांना न सांगता खसखशीचा एक दाणा ठेवला. त्याला कारण होतं. दाणा आधी सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला होता. आपल्याला तो गोल टिंबासारखा दिसतो, पण भिंगाखाली त्याच्या अंगावर सगळीकडे खोलगट घरं असतात, मधमाश्यांच्या पोळ्यासारखी. खसखशीवर काटा लवकर येतो असं सासूबाई का म्हणतात, ते मला त्या क्षणी कळल्यासारखं वाटलं. आठ दिवसांनी त्या दाण्यावर मस्तपैकी बुरशी आली आणि तो खड्डा बाद झाला. शास्त्र हे असं असतं.

मग वाट बघणं. त्या तीन आठवड्यांबद्दल मला जितकं आठवतं तितकं लग्नाच्या दिवसाबद्दलही आठवत नाही. संध्याकाळी बसमधून उतरलं की विचुंब्याच्या शेतांतून पोपटीचा वास यायचा. मडक्यात वालाच्या शेंगा, वर भांबुर्ड्याचा पाला, मडकं उलटं करून भोवती जाळ. तो पाला जळतानाचा उग्र, थोडा ओव्यासारखा वास अजून कुठे आला तरी मी चालता चालता थांबते, कारण त्या वासाबरोबर मी रोज एकच वाक्य घेऊन घरी जायचे. आज काही नाही. नवरा बिचारा विचारायचाच बंद झाला होता. सासूबाई विचारायच्या, पण रोज नवीनच विचारतोय अशा आवाजात.

त्यांचंही तेच चाललं होतं. चौथ्यांदा परात मांडली होती आणि आता त्यांनी पनवेलच्या हवेशी भांडायचं सोडून तिची पाळत ठेवायला सुरुवात केली होती. पहाटे पाच ते आठ जमिनीकडचा कोरडा वारा असतो, आठनंतर खाडीचा दमटपणा येतो, असा त्यांचा शोध. म्हणून पाचला उठायचं, पंखा बंद, खिडकी एकच उघडी, आणि आठ वाजले की हलवा घट्ट झाकणाच्या डब्यात. संक्रांत येऊन गेली. काळी साडी घडीतच राहिली. हळदीकुंकू रथसप्तमीपर्यंत करता येतं, असं त्या शेजारणींना सांगायच्या, आणि ते खरंही आहे, पण सांगताना मान जरा जास्तच हलवायच्या. मी प्रयोगशाळेत जायच्या आधी तासभर त्यांच्याबरोबर बसायचे. चार थेंब, मग बोटं. माझी पेरं भाजायची. त्यांची भाजत नव्हती. चाळीस वर्षं परात हलवून बोटं निबर झालीत, असं त्या दाखवायच्या, आणि मी ती हातात घेऊन पाहायचे. टोकं कशी तुकतुकीत, झिजलेल्या पायरीसारखी.

ही परात मांडल्याच्या दहाव्या दिवशी पहाटे त्या फिरवता फिरवता थांबल्या. डोळे मिटलेलेच होते. माझा हात धरून त्यांनी परातीत ठेवला. आधी काही कळलं नाही, मग एका दाण्याने पेराला टोचलं. मग दुसऱ्याने. उठून त्यांनी देवापुढे दिवा लावला, आणि मागे वळून पाहतात तो मी मूर्खासारखी परातीत हात घालून रडत होते. त्यांना वाटलं, हलव्यासाठी. काही अंशी होतंच ते.

जानेवारीचा शेवटचा आठवडा उजाडला. पेन्सिलीचा गोल तीन दिवसांवर आला होता. मी ट्रे भिंगाखाली सरकवला आणि सवयीने वहीत लिहीत गेले. गुळगुळीत ओळ, नितळ. सगळी नितळ. जाड ओरखड्यांची ओळ, गाळ. चुऱ्याच्या ओळीत चमचम होती, पण इतकी बारीक की धूळ म्हणावी. बारीक ओरखड्यांच्या ओळीत पहिला नितळ, दुसरा नितळ. तिसऱ्या थेंबात एका ओरखड्याच्या कडेने तीन काड्या उभ्या होत्या. सहा बाजूंच्या, टोकांना नीट कापलेल्या. मी भिंगावरून डोळा काढला, चष्मा पुसला आणि पुन्हा लावला.

आमच्या धंद्यात अशा वेळी आनंद करायचा नसतो. थेंबात खारं द्रावण असतं, आणि शंभरातले कितीतरी स्फटिक शेवटी मिठाचे निघतात. सर आले, त्यांनी पाहिलं आणि म्हणाले, मीठ असू शकतं. त्यांच्या आवाजात मात्र काहीतरी हललं होतं. मी भोईरमामांना हाक मारली. ते हात पुसत आले, वाकून एक डोळा मिटून बराच वेळ बघत राहिले.

"मीठ नाय," ते म्हणाले. "मीठ मी वळखतो."

सर हसले. मीठ फक्त खाण्याचंच नसतं, दुसरी मिठं अशी लांबटही असतात, असं त्यांनी समजावून सांगितलं, आणि शेवटी निळा रंग काढला. प्रथिनाचा स्फटिक आतून सच्छिद्र असतो, त्यात पाणी भरलेलं असतं, म्हणून तो रंग पिऊन घेतो. मिठाचा स्फटिक रंगाला आत घेत नाही. थेंबाच्या कडेला रंग सोडला आणि आम्ही तिघं त्या छोट्या टेबलाभोवती बसलो. पहिली दहा मिनिटं थेंब निळा आणि काड्या पांढऱ्याच. सर घड्याळ बघत नव्हते, मुद्दाम. मी मनात सासूबाईंचं वाक्य म्हणत होते, बोचल्याशिवाय नाही, बोचल्याशिवाय नाही. विसाव्या मिनिटाला मधली काडी जराशी मळकट वाटली. अर्ध्या तासाने तिन्ही काड्या भोवतालच्या थेंबापेक्षा गडद निळ्या होऊन बसल्या होत्या.

सरांनी खिशातून पेन्सिल काढली, तिच्या मागच्या रबराने कॅलेंडरवरचा गोल पुसला आणि आपल्या खोलीत निघून गेले. भोईरमामा म्हणाले, "बोललो ना." मी घरी फोन लावला. सासूबाईंनी हॅलोही म्हटलं नाही.

"आला का काटा?"

"आला, आई. निळा."

निळा कसा काय, असं त्यांनी विचारलं नाही. मग आज शिऱ्यात साखर जास्त घालते, म्हणाल्या आणि फोन ठेवला.

रविवारी हळदीकुंकू झालं. काळी साडी, हलव्याचं मंगळसूत्र, बांगड्या, कमरपट्टा, डोक्यावर बिंदी. दागिने दिसतात सुंदर, पण अंगाला फार टोचतात, हे कुठली नवी सून सांगत नाही. मला त्या दिवशी प्रत्येक टोचणी गोड लागत होती. पनवेलच्या बायका हलवा हातात घेऊन काटा बघत होत्या आणि पुण्याहून मागवला का, असं विचारत होत्या. सासूबाई म्हणायच्या, नाही, इथलाच. आम्ही दोघींनी केला. त्या "दोघींनी"वर मी आजही जगते.

पुढचं फारसं सांगण्यासारखं नाही. त्या स्फटिकांवरून आणखी धरले, क्ष-किरणांखाली गेले, आकार निघाला, प्रबंध झाला. मला नोकरी लागली ती त्याच जोरावर. पण तो एकच ओरखडा का, शेजारचा का नाही, याचं उत्तर मला आजही देता येत नाही. माझ्याकडे आता खाचा मोजून कोरलेल्या काचा आहेत, रेणूच्या मापाच्या खळग्यांच्या, आणि त्यांच्यावरही कधी धरतं, कधी नाही. सर निवृत्त झालेत. भेटले की अपघाताचं काय झालं, असं विचारतात. मी म्हणते, चालू आहे.

या नोव्हेंबरात मी सासूबाईंना बँकेत घेऊन गेले होते. सासऱ्यांची पेन्शन त्यांना मिळते आणि वर्षातून एकदा हयातीचा दाखला द्यावा लागतो. आता तो बोटाच्या ठशाने होतो. त्यांनी उजवा अंगठा यंत्रावर ठेवला. यंत्राने नाही म्हटलं. तर्जनी, नाही. मधलं बोट, नाही. तिथल्या मुलीने फारच आदराने त्यांची बोटं ओल्या कापसाने पुसली, पुन्हा ठेवली. नाही. ठसाच उरला नाही आजी, ती म्हणाली. रेषाच नाहीत. सासूबाई आपल्या बोटांकडे बघत राहिल्या. शेवटी डाव्या हाताची करंगळी लागली. ती परातीत कधी गेली नव्हती. करंगळीपुरती जिवंत आहे म्हणायची मी, असं त्या रिक्षात म्हणाल्या आणि हसल्या. मला हसता आलं नाही.

तर मागच्या आठवड्यात परात खाली आली. पोच्याची बाजू भिंतीकडे केली, खसखस घातली, पाक केला. या वर्षी समोरच्या सूनबाईच्या बाळाचं बोरन्हाण आहे. आम्ही दोघी रोज पाचला बसतो. विचुंब्याची शेतं आता इमारतींच्या मागे गेलीत, पण वारा अजून त्याच वाटेने येतो. पाक त्या सोडतात, मापाला त्यांचा हात अजून अचूक आहे. फिरवतानाही माझ्याहून हलका हात त्यांचाच.

आज सकाळी फिरवता फिरवता त्या थांबल्या. डोळे मिटले, पेरांनी दाणे दाबून पाहिले, पुन्हा दाबले. मग त्यांनी हात बाहेर काढून मांडीवर ठेवला. "मला बोटांना कळत नाही आता," त्या म्हणाल्या. "आला का काटा, तू सांग."

मी हात घातला. दाणे गरम होते, खरखरीत लागत होते, पण बोचत नव्हते. पटकन हो म्हणून टाकावं असं वाटलं. त्यांचा चेहरा माझ्याकडे होता. मी म्हटलं, नाही अजून, आणि त्यांच्या हातात चमचा दिला. त्यांनी चार थेंब सोडले. मी फिरवत राहिले. पुन्हा चार. खिडकीतला उजेड पिवळा झाला, खाली दूधवाल्याची सायकल येऊन गेली. आठाला दहा कमी असताना माझ्या मधल्या बोटाच्या पेराला कुणीतरी टाचणी लावल्यासारखं झालं. मग शेजारच्या बोटाला. मी खात्री करून घेतली. त्यांनीच तसं शिकवलं होतं.

"आला, आई," मी म्हटलं. "बोचतोय."

त्यांनी मान डोलावली आणि गॅस बंद केला.